पिशवी काढल्यावर बीपी आणि कोलेस्टेरॉल वाढतं का? ताईचं नॉर्मल, मग माझंच का?

कॉलरवाली

नमस्कार. मी सोलापूरची, वय ४९. अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते, १६ वर्षं झाली. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने आमच्याकडं मान वर करायला सवड नसते, म्हणून हे विचारायला जुलै उजाडला.

एप्रिलात मशीनवर बसल्या जागी गरगरलं. सगळे म्हणाले ऊन लागलं. सोलापुरात एप्रिलमध्ये कुणालाही काहीही झालं की ऊनच लागतं. सुपरवायझरनं कांदा फोडून हुंगायला दिला. घरी जाताना वाटेतल्या दवाखान्यात बीपी बघितलं तर १५८/९६. आठ दिवसांनी परत बघितलं, १५४/९४. मग रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८, उपाशीपोटी साखर १०८. बीपीची गोळी चालू केली. कोलेस्टेरॉलची पण लिहून दिलीय, ती मी अजून चालू केली नाही, खरं तेच सांगते.

आता माझं म्हणणं असं. माझी ताई माझ्यापेक्षा ५ वर्षांनी मोठी. वजन माझ्यापेक्षा १२ किलो जास्त. शेंगाचटणीशिवाय तिला घास उतरत नाही, आणि चटणी म्हणजे चमचाभर नाही, वाटीभर. आमचे वडील ६१व्या वर्षी हार्टनं गेले, ते दोघींचेच वडील. तरी तिचं बीपी १२४/८० आणि रिपोर्ट बरा. मी दिवसभर मशीन मारते, दोन भाकरी खाते, आणि गोळी मला.

आमच्या दोघींत फरक एकच. ताईची पाळी ५२व्या वर्षापर्यंत चालू होती. माझी पिशवी ३८व्या वर्षी काढली. अंगावरून जास्त जात होतं, महिन्यातले दहा-बारा दिवस. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. ते म्हणाले, दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतंय? तिसऱ्या दिवशी टेबलावर. टाके निघायच्या आधीच अंगातून वाफा निघायला लागल्या. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत सगळं घर गोधडीत आणि मी पंख्याखाली, असं दोन वर्षं चाललं. कुणी त्यावर काही सांगितलं नाही.

भाची नर्सिंगला आहे. ती म्हणते मावशी, बाईच्या हार्मोननं हार्ट सांभाळलं जातं, तुझं हार्मोन ३८लाच गेलं, आता हार्मोनच्या गोळ्या चालू कर. आमच्या लायनीतली एक जण म्हणते त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. नवरा म्हणतो बायकांना हार्ट अटॅक येतच नाही. कुणाचं खरं?

---

काउंटरमागून

ताई, मी डॉक्टर नाही. नवी पेठेतल्या एका मेडिकल दुकानात ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. एकच सांगतो, हार्मोनच्या गोळ्या काउंटरवरून घेऊ नका. आमच्याकडं गड्ड्याच्या आधी आणि आषाढीच्या आधी पाळी लांबवायच्या गोळ्यांना रांग लागायची. "मागच्या वेळच्याच द्या." कुणाला पूर्वी पायात गुठळी झालेली, कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, कुणी काही सांगत नाही आणि गर्दीत आम्हीही विचारायचो नाही. त्या गोळीतलं औषध थोडं शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बाईच्या हार्मोनमध्ये, बदलतं आणि इस्ट्रोजेनची गोळी रक्त गोठण्याकडं झुकवते, हे मला नोकरीची वीस वर्षं झाल्यावर कळलं.

दुसरं. "पिशवी काढली" म्हणजे नक्की काय काढलं? पिशवी वेगळी, अंडाशय वेगळं. पाळी पिशवीतून येते, हार्मोन अंडाशयातून. डिस्चार्जचा कागद शोधा. नुसतं टी.ए.एच. लिहिलं असेल तर फक्त पिशवी. पुढं अधिक करून बी.एस.ओ. लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंची अंडाशयं आणि नळ्याही गेल्या. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

रात्रपाळी

मी एम.डी. मेडिसिन. शिक्षण सोलापूरच्याच सरकारी मेडिकल कॉलेजात झालं, आता जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. वरच्या काकांनी मुद्द्याचा प्रश्न विचारलाय. टाके निघायच्या आधी वाफा सुरू झाल्या म्हणजे बहुतेक अंडाशयंही गेली असावीत, पण कागद बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

कॉलरवाली ताई, तुम्ही शिवणकाम करता म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. कोटाला आतून अस्तर असतं तसं रक्तवाहिनीलाही असतं. एका पेशीइतकं जाड, पण वाहिनी किती ढिली राहायची आणि किती आवळायची हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोडा थोडा सोडत असतं. तो भोवतालच्या स्नायूत शिरला की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते, दाब उतरतो. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी काकांनी हजारो वेळा विकली असेल. तीही अंगात जाऊन हाच वायू तयार करते.

आता इस्ट्रोजेन. अस्तराच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे बसायच्या जागा, असतात. इस्ट्रोजेन तिथं येऊन बसलं की अस्तर हा वायू जास्त सोडतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्तातलं एलडीएल जास्त उचलून घेतं. म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईची वाहिनी एकीकडून सैल राहते आणि दुसरीकडून तिच्यात चरबी कमी फिरते. इस्ट्रोजेन गेलं की दोन्ही उलटं. शेतावर ठिबकची नळी दोन-तीन उन्हाळे पडून राहिल्यावर कशी होते? वाकवली की कडकन मोडते. वाहिनी एका रात्रीत तशी होत नाही, पण दिशा तीच. तुमचं बीपी आणि एलडीएल दोन्ही चढलंय ते या चित्रात बसतं.

तरी दोन बहिणींवरून मी काही सिद्ध झालं असं म्हणणार नाही. मीठ, झोप, वय, वडिलांकडून आलेलं, सगळं त्यात आहे. ताईंचं वजन आणि वाटीभर चटणी त्यांना सोडणार नाही, फक्त त्यांचं घड्याळ तुमच्यापेक्षा १४ वर्षं उशिरा सुरू झालं. आणि तुमच्या यजमानांना सांगा, बायकांना हार्ट अटॅक येत नाही ही समजूत पाळी चालू असलेल्या तरुण बाईकडं बघून तयार झालीय. पाळी गेल्यावर काही वर्षांत तो फरक मिटत जातो. हृदयविकार हे बायकांच्याही मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आहे.

आपल्याकडं पाळी सरासरी ४६-४७ला जाते, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास. अंडाशयं ४५च्या आत काढली आणि स्तनाचा कॅन्सर वगैरे अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं, ही सर्वमान्य शिफारस आहे. हृदयासाठी, हाडांसाठी, वाफांसाठी. हे तुम्हाला ३८व्या वर्षी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. भाची बरोबर बोलतेय, फक्त तिचा सल्ला ११ वर्षं उशिरा आलाय.

आता चालू करावं का, यावर थोडं लांबचं सांगावं लागेल. १९९०च्या दशकात अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना हृदय जपायला सर्रास हार्मोन देत. गोळी गाभण घोडीच्या लघवीपासून बनवलेली, ब्रँडच्या नावातच घोडी दडलेली आहे. हार्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणांत दिसत होतं. पण हार्मोन घेणारी बाई बहुधा शिकलेली, पैशानं बरी, डॉक्टरकडं वेळेवर जाणारी. मग गुण गोळीचा की त्या बाईच्या राहणीचा? १९९८ मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून चाचणी झाली, फायदा शून्य. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही मोठी चाचणी. पिशवी असलेल्या १६,६०८ बायका, इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (बाईच्या दुसऱ्या हार्मोनसारखं औषध). २००२ मध्ये ती मध्येच थांबवली. दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ घटना जास्त, स्ट्रोक ८ जास्त, स्तनाचे कॅन्सर ८ जास्त. जगभर डॉक्टरांनी रातोरात गोळ्या बंद केल्या.

मैत्रिणीनं ऐकलेली कॅन्सरची गोष्ट इथून आली. पण याच चाचणीचा दुसरा भाग तुमच्यासारख्यांचा होता. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका, फक्त इस्ट्रोजेन. तो भाग २००४ मध्ये थांबवला, कारण स्ट्रोक वाढले. हृदयविकार वाढला नाही, कमीही झाला नाही. स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. म्हणजे मैत्रीण अर्धी बरोबर.

मग लोकांच्या ध्यानात आलं की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. वाहिनीत चरबीचा थर बसून गेल्यावर इस्ट्रोजेन देणं आणि अस्तर शाबूत असताना देणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. २०१६ मध्ये ६४३ बायकांवरच्या एलिट चाचणीत मानेतल्या वाहिनीच्या भिंतीची जाडी मोजली. पाळी जाऊन ६ वर्षं व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांत ती कमी वेगानं वाढली. १० वर्षं उलटल्यावर सुरू केलेल्यांत काही फरक पडला नाही. तुमची ११ वर्षं झालीत, ताई. वर बीपी चढलेलं. निव्वळ हृदयासाठी आज हार्मोन सुरू करा असं मी सांगणार नाही. वाफांचा आजही फार त्रास असेल तर तो विषय वेगळा. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून त्वचेवरची जेल किंवा पट्टी यांचा विचार होऊ शकतो, कारण गोळी आधी यकृतातून जाते आणि गोठण्याचे घटक वाढवते, त्वचेतून घेतलेलं तसं जात नाही.

कोलेस्टेरॉलची लिहून दिलेली गोळी मात्र डब्यात ठेवू नका. लवकर पाळी जाणं हेच मुळात हृदयाच्या जोखमीत धरतात, म्हणून ताईंचं १६८ असतं तर त्यापेक्षा तुमचं १६८ मला जास्त खुपतं. आणि एक विचारते, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? पाय, चेहरा सुजला होता का? घरात कुणी मशेरी लावतं का, तुम्ही लावता का?

---

हिप्परगा

बायकांचं झालं, पुरुषांचं पण सांगा की जरा. माझा पुतण्या, २४ वर्षांचा, विजापूर रोडला जिमला जातो. चार महिन्यांत दंड असे झाले की शर्टाची बाही शिवणीत उसवली (कॉलरवाली ताईंना गिऱ्हाईक). पाठीवर पुटकुळ्या, डोकं सारखं तापलेलं. ट्रेनर कसली तरी टेस्टोची इंजेक्शनं देतो म्हणे. मी म्हणलं काय लावलंस बे हे, तर म्हणतो, काका, पुरुषाचंच हार्मोन आहे, पुरुषाला काय होणार?

---

रात्रपाळी

त्याला एक जुनी गोष्ट सांगा. बाईचं हार्ट इस्ट्रोजेन सांभाळतं ना, मग पुरुषांना देऊन बघू, असं अमेरिकेत १९६०च्या दशकात खरंच केलं होतं. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या. ५ मिलिग्रॅमचा गट १९७० मध्ये बंद करावा लागला, अटॅक उलट वाढले होते. हार्मोन चांगलं की वाईट असं नसतंच. किती, कुणाला, कधी आणि कुठल्या वाटेनं, हे सगळं मोजावं लागतं. गंमत म्हणजे पुरुषाचं शरीर आपल्याच टेस्टोस्टेरॉनपासून थोडं इस्ट्रोजेन बनवत असतं आणि पुरुषाच्या वाहिन्यांनाही ते लागतं.

टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयाची जोखीम असलेल्या ४५ ते ८० वयाच्या ५,००० हून जास्त पुरुषांवर २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. मोजून-मापून जेल दिली, रक्त तपासत राहिले. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत, पण ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं वाढलं. हे मोजून दिल्यावरचं. जिमवाला मोजत नाही. तो देतो त्या डोसात चांगलं कोलेस्टेरॉल तळाला जातं, लाल पेशी वाढून रक्त दाट होतं, दंडाबरोबर हृदयाची भिंतही जाड होते, आणि ते जाड हृदय पुढं नीट पंप करेनासं होऊ शकतं. शिवाय बाहेरून आयतं येतंय म्हटल्यावर अंडकोष आपलं काम थांबवतात, शुक्राणू घटतात. लग्नाचं बघताय का त्याच्या? मग ते शेवटचं आधी सांगा, हृदयाचं तो ऐकणार नाही.

---

हिप्परगा

बघतोय. तेच सांगतो.

---

कॉलरवाली

डॉक्टर, कागद सापडला. लोखंडी ट्रंकेत तळाशी, आईच्या इरकलीच्या घडीत, लाईट बिलांच्या गठ्ठ्यात. एक कोपरा उंदरानं खाल्लाय पण अक्षर वाचता येतंय. टी.ए.एच. अधिक बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही गेली. ११ वर्षं मी सगळ्यांना "पिशवी काढली" एवढंच सांगत होते. मला वाटलं आतलं सगळं मिळून पिशवीच. सही माझ्या नवऱ्याची आहे, मला तो कागद कुणी वाचून दाखवला नव्हता.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यापासून पाय सुजले होते, चप्पल चढत नव्हती, बीपी वाढलं म्हणून आठ दिवस ॲडमिट होते. ते बाळंतपणाबरोबर गेलं असं धरून मी विसरून गेले होते. मशेरी सासूबाई लावायच्या, मी नाही. नवरा बिडी ओढतो, ते पण घरात.

वाफा आता नाहीत. वर्षातून दोन-चारदा येतात, तेव्हा मला पण कळत नाही वाफ की सोलापूर.

अजून एक. दुपारी डबे खाताना हा विषय काढला. आमच्या लायनीत नऊ बायका, त्यातल्या तिघींची पिशवी काढलेली, तिघीही चाळिशीच्या आत. अंडाशय ठेवलं की काढलं, एकीला पण माहीत नाही. एक मूळची बीडकडची, तिच्या दोन्ही जावांची पण काढलीय. त्यांच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं २०१९ ला पेपरात आलं होतं ना, ती म्हणते ते आमच्याच गावाकडचं. पाळीचे दिवस आले की खाडा पडतो, म्हणून काढूनच टाकायची.

---

रात्रपाळी

बाळंतपणातलं बीपी विसरायचं नसतं, ताई. ते ज्यांना झालं त्यांना पुढं हृदयविकाराची शक्यता साधारण दुप्पट धरतात. तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा: अंडाशयं ३८ला गेली, दुसऱ्या बाळंतपणात बीपी होतं, वडील ६१ला हार्टनं गेले. त्यावर ते बीपी कुठवर उतरवायचं, गोळी किती, हे ठरवतील. साखरेचं दर वर्षी बघा, १०८ म्हणजे उंबरठ्यावर आहे. हाडांची डेक्सा तपासणी एकदा करा, इस्ट्रोजेन लवकर गेलं की हाडंही लवकर विरळ होतात. यजमानांना बिडी निदान घराबाहेर ओढायला लावा, धूर तुमच्याही अस्तराला लागतो.

आणि हे लक्षात असू द्या. बायकांना अटॅकमध्ये बहुतेक वेळा छातीत कळ येते, पण कधी नुसती धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ, दरदरून घाम एवढंच पुढं येतं आणि घरचे पित्त झालं म्हणून सोडा पाजतात. चालताना, जिना चढताना असं होऊन बसल्यावर थांबत असेल तर लगेच दाखवा. बसल्या जागी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल तर कांदा हुंगत बसू नका, सरळ १०८ची ॲम्ब्युलन्स बोलवा.

त्या तिघींपैकी कुणी अजून ४५च्या आत असेल आणि अंडाशयं गेली असतील, तर तिला आधी पाठवा. तिची वेळ अजून गेलेली नाही.

---

काउंटरमागून

त्या तिघींपैकी जिचे कागद सापडणार नाहीत तिला सांगा, आधी त्याच दवाखान्यात जाऊन नक्कल मागायची, काढलेल्या पिशवीचा तपासणी रिपोर्ट असला तर तोही. नाहीच मिळाला तर डॉक्टर रक्तातलं एफ.एस.एच. (अंडाशयांना कामाला लावणारं हार्मोन) तपासून सांगू शकतात अंडाशयं काम करतात का ते.

---

कॉलरवाली

कालपासून कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. शनिवारी अर्धी सुट्टी टाकून दाखवायला जातेय. लायनीतली ४१ वर्षांची जी आहे ती पण येतेय, तिचा कागद माहेरी पंढरपूरला आहे, भाऊ फोटो काढून पाठवणार आहे. ताई पण मागं लागलीय, मला पण दाखव म्हणून. फक्त डॉक्टरसमोर चटणीचं बोलायचं नाही ही तिची अट आहे.

कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक ताईकडं ठेवली, आमच्यात उंदीर फार.